बापडा म्हणजे नेमकं काय

सांता क्लारा
९ जानेवारी १९८४

ती. सुहासमावशीला नमस्कार,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काय शिकतेस ते एका वाक्यात सांग, मला ऑपरेशनला जायचंय," आणि माझी दातखीळ बसली. म्हणून हे पत्र. निवांत वाच.

पॅसिफिकमध्ये सामोआ नावाची बेटं आहेत. तिथले पुष्कळ लोक इकडे आमच्या आसपास राहतात, आणि मी त्यांच्या भाषेवर पीएचडी करते, एवढं तुला माहीत आहे. पण आईला मी जे सांगितलेलं नाही ते हे, की मी अख्ख्या भाषेवर काम करत नाही. त्यातल्या एका शब्दावर करते. तो शब्द 'सी'.

सामोअन भाषेत नामाच्या आधी इंग्लिशमधल्या 'द'सारखा एक शब्द येतो. 'ले तेइने' म्हणजे ती मुलगी. आता 'ले' काढून तिथे 'सी' ठेवायचा. 'सी तेइने' म्हटलं की तीच मुलगी इवलीशी होते, किंवा बिचारी होते, किंवा लाडकी होते. आपण घराचं घरकुल करतो आणि डोळ्यांचे डोळुले करतो, तसंच. आपण शब्दाला मागे शेपूट लावतो, ते पुढे टोपी घालतात.

अडचण अशी, की इवलीशी, बिचारी आणि लाडकी यांपैकी कधी काय, हे मला दोन वर्षांत सांगता आलेलं नाही. माझ्या प्रोफेसरांचं म्हणणं, विषय शब्दाइतकाच लहान आहे. जूनमध्ये कमिटीसमोर उभं राहायचं आणि नियम सांगायचा. नाही सांगता आला तर विषय बदला, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. शिवाय बाबा नागपुरात माझ्या स्थळांची फाइल उघडून बसलेत, ते वेगळंच.

दर मंगळवारी मी मालिया काकूंकडे जाते. एकसष्ट वर्षांच्या आहेत. वीस वर्षं इथल्या फळांच्या कारखान्यात जर्दाळू डब्यात भरत होत्या. त्या मला कोको पाजतात आणि माझी सामोअन ऐकून हसतात.

तुझ्याकडे एक काम आहे. तू सहज बोलताना असे लहान करणारे शब्द कुठे वापरतेस, ते टिपून पाठव. मला मराठीशी ताडून बघायचंय.

तुझी,
सुनेत्रा


शिकागो
२२ जानेवारी १९८४

चि. सुनेत्रा, खुशाल अस.

पत्र पोचलं. तुला हवे ते शब्द माझ्याकडे नाहीत. मी बावीस वर्षं भूल देण्याचं काम करते. पेशंटला "इवलीशी सुई हं" असं सांगणाऱ्या नर्सेसना मी खोलीबाहेर पाठवते. सुई ही सुई असते, आणि टोचते. तुझ्या आईला लहानपणी बाहुलीशी बोबडं बोलायची सवय होती. तिला विचार.

इथे चौदा इंच बर्फ पडला. काल डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा आणायला गेले तर गाडी लावायला जागा नाही. एका ठिकाणी बर्फ नीट उपसलेला होता आणि मध्ये स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली. या गावची ही रीत आहे. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, आणि खुर्ची म्हणजे त्याची सही. मला ही रीत मान्य नाही. रस्ता सगळ्यांचा. मी खुर्ची फूटपाथवर ठेवली आणि गाडी लावली.

तूरडाळ घेऊन परत आले तर माझ्या गाडीशेजारी त्याच खुर्चीवर एक गृहस्थ कानटोपी घालून मराठी दिवाळी अंक वाचत बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "खुर्ची माझी, खड्डा माझा, गाडी तुमची. आता निवाडा कोणी करायचा?" मी माफी मागितली नाही. गाडीची चाकं मात्र जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा त्यांनीच मागून धक्का दिला.

गुरुदत्त कशाळीकर असं नाव सांगितलं. शहराच्या पुलांच्या खात्यात इंजिनियर आहेत. बायको जाऊन आठ वर्षं झाली. वय छप्पन्न. हे सगळं मी विचारलं नव्हतं.

अभ्यास कर. जीवनसत्त्वं घे.

सुहासमावशी


सांता क्लारा
१५ फेब्रुवारी १९८४

ती. मावशी,

खुर्चीचा किस्सा मी तीनदा वाचला. आता माझी फजिती ऐक.

मालिया काकूंचा नवरा म्हणजे डोंगर आहे. आमच्या दारातून त्याला तिरकं होऊन यावं लागतं. आणि काकू त्याचा उल्लेख करताना हमखास 'सी' म्हणतात. मी वहीत लिहिलं, आकाराने मोठ्या, वयस्कर माणसासाठी 'सी' वापरतात, बहुधा आदरार्थी. फार खूश झाले. नियम सापडला असं वाटलं.

रविवारी त्यांच्या चर्चमध्ये जेवण होतं. पाद्रीसाहेब साडेसहा फूट उंच, पांढराशुभ्र कोट, सगळे त्यांच्यापुढे वाकून चाललेले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि शंभर लोकांसमोर त्यांना 'सी' लावून त्यांचे आभार मानले.

मागच्या बाकावरून एका बाईने हसू दाबल्याचा आवाज आला, आणि मग सगळं चर्च. एकजण हसता हसता टारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, ताटावर आडवा झाला. मी "आमचं हे सोनुलं पाद्रीबाळ" अशा थाटाचं काहीतरी बोलून बसले होते. पाद्री मात्र देवमाणूस. ते उठून माझ्याकडे आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की त्यांची आई गेल्यापासून त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

घरी येताना गाडीत मी रडकुंडीला आले होते. मालिया काकूंनी समजावलं. म्हणाल्या, "सी मापाचा शब्द नाहीये. माझा नवरा सकाळी एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत बसतो, तेव्हा माझ्या इथे काहीतरी होतं," आणि त्यांनी छातीवर थाप मारली. "ते झालं की सी येतो. तो मी आणत नाही."

म्हणजे नियम परत हरवला. पण मावशी, मी इतकी हसले आहे या दोन दिवसांत, की विषय बदलायला लागला तरी हरकत नाही असं वाटायला लागलंय.

सुनेत्रा


शिकागो
१८ मार्च १९८४

चि. सुनेत्रा,

उत्तराला उशीर झाला. इकडे धावपळ होती.

ते कशाळीकर आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. पित्ताशयात खडे. मधल्या काळात दोन-तीनदा भेट झाली होती, एकदा त्यांच्याकडे पिठलं-भात खाल्ला, बरा करतात. जवळच्या माणसाला आपण स्वतः भूल देऊ नये असा आमच्यात संकेत आहे. कशाळीकर जवळचे नाहीत, तेव्हा प्रश्न नव्हता. मी दिली. हे तुला कळवायला त्यांची परवानगी आहे. म्हणाले, कळवा, माझे खडे प्रसिद्ध होऊ देत.

भूल देताना पेशंटला उलटे आकडे म्हणायला सांगतात. हा गृहस्थ मराठीत म्हणायला लागला. शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. अमेरिकन सर्जन बघतच राहिला. पंच्याण्णवपर्यंत आला आणि मला विचारतो, "डॉक्टर, माझी खुर्ची कुणी हलवणार नाही ना?" आणि झोपला. एरवी हा माणूस साठ टनांच्या लोखंडाला हुकूम सोडतो. त्या हिरव्या चादरीखाली अगदी एवढासा दिसत होता बापडा.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. खडे बरणीत घालून दिले आहेत. चार चिमुकले, एक मोठा. रोज संध्याकाळी मी घरी जाताना त्याच्या खोलीत डोकावते, कारण जखम बघायला हवी. त्याला मुगाची पातळ खिचडी लागते, इथल्या हॉस्पिटलात ती कोण देणार? तेव्हा नेते.

तुझ्या पाद्र्याची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली. टाके दुखेपर्यंत हसला, म्हणून पुढचं वाचायचं थांबवलं.

सुहासमावशी


सांता क्लारा
१० एप्रिल १९८४

ती. मावशी,

तू कधी कुणाला एवढी दया दाखवलेली मला आठवत नाही. माझ्या गालफुगीला तू "मरत नाहीस बाई, शाळा तेवढी बुडेल" एवढंच म्हणाली होतीस. हे कशाळीकर फार अशक्त आहेत का? एकटे असतात म्हणतेस, आणि तू दिवसभर उभं राहून दमून येतेस. सरळ माणूस असेलही, पण खिचडीची सवय लागली तर सुटत नाही. त्यांना मुलं-नातेवाईक असतील तर त्यांना कळवायला हवं असं मला वाटतं.

एक गंमत सांगायची होती. या मंगळवारी मालिया काकूंच्या स्वयंपाकघरात मी तुझं पत्र त्यांना सामोअनमध्ये उलथून सांगत होते, सराव म्हणून. 'बापडा'शी अडले. कसं सांगणार? शेवटी 'सी' लावून मोकळी झाले. काकू कोको ढवळत होत्या, त्यांनी चमचा खाली ठेवला. मला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. मग खुर्ची ओढून बसल्या, पदराने पुसावेत तसे ॲप्रनने डोळे पुसले, आणि हसत हसत विचारलं, "लग्न कधी आहे?"

मी त्यांना म्हटलं, तुमचा गैरसमज होतोय, माझी मावशी डॉक्टर आहे, आणि आमच्यात 'बापडा' आपण कुणालाही म्हणतो. "म्हणोत बापडे" असंसुद्धा म्हणतो. त्यांना पटलं नाही. तीन बहिणींना फोन करून सांगितलं. आता शेजारच्या अर्ध्या सॅन होजे गावाला वाटतंय की माझ्या बावन्न वर्षांच्या मावशीचं लग्न ठरलंय. तू पोट धरून हसशील म्हणून कळवते.

सुनेत्रा


शिकागो
२ मे १९८४

चि. सुनेत्रा,

तुझं पत्र मिळालं. मी तुला लिहिते ते तुला लिहिते. कुणाच्या स्वयंपाकघरात उलथायला लिहीत नाही.

श्री. कशाळीकर यांची जखम पूर्ण भरली असून ते कामावर रुजू झाले आहेत. यापुढे माझ्या देखरेखीची आवश्यकता नाही, तसं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी ते मान्य केलं. त्यामुळे तुझी काळजीही मिटली.

आईला फोन कर.

सुहासिनी


सांता क्लारा
१० मे १९८४

प्रिय मावशी,

तुझं पत्र काल आलं. कॉलेजला गेले नाही, जमिनीवर बसून राहिले. मग तुझी सगळी पत्रं समोर मांडली.

जानेवारीत ते 'गृहस्थ' होते आणि तू त्यांना अहो-जाहो करत होतीस. मार्चच्या पत्रात तीन ओळींत ते 'कशाळीकर'चे 'हा माणूस' झाले, मग 'तो' झाले. तो झोपला. त्याला खिचडी लागते. आणि ज्या बाईने सुईला कधी इवलीशी म्हटलं नाही, तिने त्याच्या पित्तखड्यांना चिमुकले म्हटलं. मावशी, खड्यांना. आता मेमध्ये ते एकदम 'श्री.' आहेत आणि 'यांची' आहेत आणि रुजू झाले आहेत. अख्ख्या पत्रात एक मऊ शब्द नाही. तो वेचून काढलाय तू, तांदळातल्या खड्यासारखा.

दोन वर्षं मी 'सी' कुठे येतो ते शोधत होते. माझ्याच मावशीच्या पत्रात आला तर मला ओळखता आला नाही. मी त्याला दया समजले आणि तुला सावधगिरीचा सल्ला दिला, सत्तावीस वर्षांची मी. मालिया काकूंनी एका वाक्यात ओळखला. त्यांना मराठीचा गंध नाही.

त्यांना मी आज सगळं सांगितलं. त्या माझ्यावर प्रथमच रागावल्या. कोको दिला नाही. म्हणाल्या, "एखाद्याच्या तोंडून असा शब्द निसटतो तेव्हा ऐकणाऱ्याने दुसरीकडे बघायचं असतं. तू टाळ्या वाजवल्यास." त्यांचा निरोप आहे तुला, त्यांच्या शब्दांत देते: घाबरणाऱ्या बाईला मी नावं ठेवत नाही, पण तिने घाबरून उभं राहू नये, घाबरून चालावं.

तुझी पत्रं मी पेटीत ठेवली आहेत. थीसिसमध्ये त्यांतलं अक्षरही जाणार नाही. मावशी, माझं चुकलं. तू माझ्यावर वर्षभर अबोला धर, पण त्यांच्यावर धरू नकोस.

सुनेत्रा


शिकागो
२४ मे १९८४

सुनू,

हे पत्र बाकावर बसून लिहिते आहे, नदीकाठी. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्यानंतर आठ दिवस मी काहीच केलं नाही. तिकडे तो गुपचूप. या म्हटलं की येणार, येऊ नका म्हटलं की येणार नाही, असा इंजिनियर. काल बुधवार. त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं, की वसंतात शिडाच्या बोटी नदीतून तळ्याकडे जायला निघतात आणि एकेक पूल उघडावा लागतो. मी रजा टाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि कारण विचारलं तर "पूल" सांगितलं.

पुलाशी पोचले तर तो नदीच्या पलीकडे, पिवळं हेल्मेट घालून कागद चाळत होता. मी हाक मारणार तेवढ्यात घंटा वाजल्या, आडवे दांडे खाली आले, आणि पूल आमच्या दोघांच्या मध्ये फाटून वर जायला लागला. सुनू, आख्खा रस्ता आकाशात उभा राहतो, त्याच्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट. मी कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं या गावात राहून मी फक्त मागे अडकून हॉर्न वाजवला होता.

अकरा मिनिटं. एकामागून एक बोटी. त्यावरची माणसं आम्हाला हात करत होती. मध्ये पाणी आणि त्या काठावर तो, अंगठ्याएवढा. त्याला मी दिसले. त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं. काय करावं ते त्याला सुचेना बापड्याला. आणि तुझ्या काकू म्हणतात तिथे, छातीच्या बरोबर मध्ये, मला ते झालं. मी डॉक्टर आहे, तिथे काय काय असतं ते मला ठाऊक आहे. हे त्यातलं नव्हतं.

पूल पुरता टेकायच्या आत मी दांड्याखालून वाकून गेले. तिथला माणूस ओरडला, मी त्याला मराठीतून गप्प केलं. मधोमध गाठ पडली. मी मार्चमध्ये तुझ्यापासून एक लपवलं होतं, ते त्याला आधी सांगितलं.

"तुम्हाला सुई लावताना माझा हात थरथरला," मी म्हटलं. "शीर दुसऱ्या खेपेला सापडली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी तुम्हाला भूल द्यायला नको होती, कारण तुम्ही जवळचे होतात. लग्न कराल का माझ्याशी?"

त्याने आधी दोन्ही बाजूंना बघितलं. गाड्या, बसेस, शे-दोनशे माणसं खोळंबलेली. मग म्हणाला, "करतो. पण काठावर चला, आपण वाहतूक अडवली आहे."

काठावर आलो. त्याला या बाकावर बसवलं, नाडी बघितली, एकशे बारा. मग त्याने माझी बघितली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसत होतो. आज पुन्हा त्याच बाकावर येऊन बसले आहे, तो साडेबाराला डबा घेऊन येणार आहे. इवलुसा डबा आहे, स्टीलचा, दोन पुडांचा.

लग्न ७ जुलैला, शनिवारी. तू यायचंस आणि मालियाबाईंना घेऊन यायचंस, तिकिटं पाठवते. आणि पत्रं पेटीतून काढ. सगळी वापर, हेही वापर. नाव घातलंस तरी चालेल.

तुझी सुहासमावशी


सांता क्लारा
१५ जून १९८४

माझी मावशी,

काल कमिटी झाली. पास झाले.

प्रोफेसरांनी पहिलाच प्रश्न टाकला, 'सी' लावला की ती व्यक्ती लहान ठरते की नाही, एका शब्दात सांगा. मी म्हटलं, एका शब्दात येत नाही, पूल सांगावा लागेल. आणि सांगितला. तू, हेल्मेट, अकरा मिनिटं. मग म्हटलं, दुरून माणूस लहान दिसतो ते डोळ्याचं काम. त्या लहान दिसण्याने जर बोलणारा दांड्याखालून वाकून धावत सुटला, तर तिथे सी लावायचा. माझा नियम असा आहे, की हा शब्द समोरच्याचं माप सांगत नाही, तो बोलणाऱ्याची खबर देतो. म्हणूनच पाद्र्याला मी म्हटलं तर हसू येतं आणि त्याच्या आईने म्हटलं तर येत नाही.

कमिटीत दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "ते हो म्हणाले का?" प्रोफेसर त्यांच्याकडे वळून म्हणाले की हा प्रश्न विषयाला धरून नाही, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण म्हणाले का?"

मालिया काकू लग्नाला येताहेत. त्यांनी एक चटई बाहेर काढली आहे. बसायची नव्हे, त्यांच्याकडे ती लग्नात देतात, केसासारख्या बारीक पात्यांची, विणायला वर्षं लागतात. त्यांच्या आजीने विणलेली आहे. मी म्हटलं, काकू, ही घरातल्या लेकीसाठी असेल. त्या म्हणाल्या, "म्हणून तर काढली."

बाबांनी स्थळांची फाइल मिटली. म्हणाले, आधी मावशीचं पचू दे.

सुनेत्रा


शिकागो
१० जुलै १९८४

प्रिय सुनेत्रा,

मी गुरुदत्त. तुला 'तू' म्हणायचं अशी मला घरातून आज्ञा आहे. सुहासिनी ड्यूटीवर गेली आहे, म्हणून आधी मी लिहून घेतो.

तुम्ही दोघी आलात, फार बरं वाटलं. मालियाबाईंनी ती चटई उलगडली आणि महाराष्ट्र मंडळातले काका मंगलाष्टकं आटोपून तिच्यावर बसायला निघाले, तेव्हा तू त्यांना ज्या चपळाईने ओढलंस ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. सुहासिनी चटईवरून हात फिरवतच राहिली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मालियाबाई मला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगत होत्या. मला एक शब्द कळला नाही, पण मी हो म्हटलं आहे.

रविवारी दुपारी तुम्हाला ओहेअर विमानतळावर सोडून आम्ही निघालो. ती शुक्रवारपासून नीट झोपलेली नव्हती. गाडी हायवेला लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी वेग कमी केला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी उजवीकडे झालो आणि त्यांना वाजवू दिलं. आमचा हायवेवरून उतरायचा एक्झिट आला. तिथे वळण फार आवळून घेतलेलं आहे, झोपलेलं माणूस हमखास जागं होतं. मी सरळ पुढे गेलो. पुढच्यालाही तेच वाटलं. त्याच्या पुढच्यालाही. मी पुलांचा माणूस, मला सरळ जाणारा रस्ता मोडवत नाही.

दीड तासाने तिने डोळे उघडले. बाहेर मक्याची शेतं, दूध-चीजच्या पाट्या, गोठे. शेजारचं विस्कॉन्सिन राज्य लागून बराच वेळ झाला होता.

"हे कुठलं गाव?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ठाऊक नाही.

तिने काच खाली केली, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि म्हणाली, "मग अजून थोडं पुढे घ्या."

तुझा,
गुरुदत्तकाका